बाटली बंद करण्याआधी

गोव्यातल्या आमच्या तुये गावात दारू सोडायला मुहूर्त लागतो, आणि तो बहुतेक वेळा श्रावणाचा असतो. आषाढ अमावास्येला मासळी, मटण, फेणी सगळं उरकून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून शिवराक, म्हणजे शाकाहार. ख्रिस्ती शेजाऱ्यांचा मुहूर्त करेज्माचा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्यांच्यातले कितीतरी जण ग्लासाला हात लावत नाहीत. इंग्लंडात 2013 पासून अख्खा जानेवारी कोरडा पाळायची मोहीम चालते, तिचं आमच्या तरुण पोरांना भारी कौतुक. घरातल्या आजीने तेच सांगितलं तेव्हा मात्र ती जुनाट ठरली होती.

महिनाभर दारू बंद ठेवणं चांगलंच. मी ते पाळतो, दुसऱ्यालाही सांगतो. पण कुणी "उद्यापासून बंद" असं जाहीर केलं की मी आधी विचारतो, "सकाळी घेतोस का?" हा प्रश्न बऱ्याच जणांना आगाऊ वाटतो. एक-दोघांनी तोंडावर तसं म्हटलंही. तरी विचारतो, आणि त्याचं कारण माझा थोरला चुलतभाऊ.

त्याला आम्ही सगळे भाई म्हणतो. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर होता. कामावर खाडा नाही, रस्त्यात कधी पडला नाही, घरात आवाज चढवला नाही. त्यामुळे त्याला कुणी कधी बेबदो म्हटलं नाही. बेबदो म्हणजे बसथांब्यावर आडवा पडलेला माणूस, अशी आमची सोयीची समजूत. भाईचं सगळं शिस्तीत चालायचं. सकाळी चहाआधी एक लहानसा घोट, 'हात स्थिर राहावा म्हणून'. दुपारी जेवताना थोडी. रात्री क्वार्टर. निवृत्त झाल्यावर क्वार्टरची हद्द पुसट झाली. मुलीने हट्ट धरला तेव्हा तो एका शब्दावर तयार झाला आणि श्रावणाच्या पहिल्या दिवशी त्याने बाटली अक्षरशः मोरीत ओतली. घरात सण असल्यासारखा आनंद झाला.

संध्याकाळी आरतीचं तबक धरताना त्याचे हात कापू लागले. सगळे म्हणाले, उपासाचा अशक्तपणा. रात्री घामाने चादर भिजली, उलटी झाली, झोप नाही. पहाटे तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. सकाळी अंग गरम लागलं म्हणून डेंगीची चर्चा झाली. दुपारी त्याने अंगणाकडे बोट दाखवून विचारलं, "तो तिथं कोण उभा आहे?" आमच्याकडे असं कुणी विचारलं की लोकांना देवचार, म्हणजे गावाचा राखणदार आत्मा, आठवतो. लगेच नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ठरलं. दिवेलागणीला नारळ सोलला जात असतानाच भाईला झटका आला. मग कुणी चप्पल हुंगवतो, कुणी कांदा फोडून आणतो, कुणी दातांत चमचा घालायला बघतो. एका म्हाताऱ्याने "दोन थेंब पाजा, उतरेल" असंही सुचवलं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. नशीब, 108 ला फोन करायचं एकाला सुचलं.

तुयेच्या सरकारी हॉस्पिटलातून त्याला पुढे बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी वहिनीला पहिलाच प्रश्न केला, "शेवटची दारू कधी घेतली?" वहिनी जरा अभिमानानेच म्हणाली, "डॉक्टर, ते आता पीत नाहीत. दोन दिवस झाले सोडून." डॉक्टरांना रोगाचं नाव त्या उत्तरातच मिळालं. पुढचे काही दिवस भाईला वेळ-काळ कळत नव्हता, वहिनीलाही तो ओळखत नव्हता. वाचला, एवढं खरं.

डॉक्टरांकडून जे समजलं ते असं. दारू मेंदूला मंद करते. रोज, दिवसभर ती मिळत राहिली की मेंदू तिच्यावर मात करण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. डिचोलीच्या खाणीवरचा भरलेला ट्रक उतारावर आहे, ब्रेक दाबलेला आहे आणि अ‍ॅक्सिलरेटरही दाबलेला आहे. ब्रेकवरचा पाय एकदम उचलला तर काय होईल? दारू थांबल्यावर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. झटके बहुतेक पहिल्या दोन दिवसांत येतात. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, भ्रम, ताप आणि बेभानपणा यांचा तो भयंकर प्रकार येऊ शकतो, ज्यात उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. पिणाऱ्या सगळ्यांना हे होत नाही. पण कुणाला होईल, याचा अंदाज आधी बांधता येतो.

सकाळी उठल्यावर हात कापतात आणि एक घोट घेतला की थांबतात, याला सवय म्हणून सोडून देऊ नका. ते शरीर दारूवर बांधलं गेल्याचं चिन्ह आहे. अशा माणसाने, किंवा पूर्वी सोडताना ज्याला झटका वा भ्रम झाला होता त्याने, किंवा ज्याचं यकृत आधीच बिघडलं आहे त्याने, संकल्पाच्या जोरावर एका दिवसात शून्यावर येऊ नये. आधी डॉक्टर. भेट होईपर्यंत रोजच्या प्रमाणात एकदम खंड पाडू नये. दारू कमी करा म्हणून सांगणाऱ्या लेखात हे वाक्य विचित्र वाटेल, पण ते तसंच राहू द्या. डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारख्या गोळ्या ठरावीक दिवस देतात आणि उतरत्या मात्रेने बंद करतात. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरच्या या गोळ्या आणून घरी प्रयोग करू नका. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो.

दुसरी गोष्ट ग्लुकोजच्या बाटलीची. आपल्याकडे माणूस गळाला की घरचेच डॉक्टरच्या मागे लागतात, "एक सलाइन लावा." बरीच वर्षं पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा, खडखडाट असतो. ते न देता नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून बी-वन आधी किंवा निदान बरोबर द्यावं लागतं. तेव्हा सलाइन मागण्याआधी डॉक्टरला दारूचं सांगा. लाजेपायी लपवू नका. उकड्या तांदळाची आमची पेज इथे योगायोगाने शहाणी आहे. भात उकडताना कोंड्यातलं बी-वन दाण्यात उतरतं आणि पॉलिश केल्यावरही बरंचसं टिकतं. ज्याचं पिणं मर्यादेत आहे त्याने महिनाभर सकाळी पेज आणि कुळथाचं सार खावं, उत्तम. पण भाईसारख्याची तूट पेजेने भरत नाही. त्याला इंजेक्शनच लागतात.

आता माझ्यासारख्यांबद्दल. मी संध्याकाळचा माणूस. सकाळी कधी नाही, हातही कापत नाहीत. भाईचं प्रकरण झाल्यावर मी आधी मोजायला बसलो. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे, तिला ऑडिट म्हणतात. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, थांबवता येत नाही असं कधी झालं का, घरच्यांनी काळजी बोलून दाखवली का, असे साधे प्रश्न. गुण शून्य ते चाळीस. आठ किंवा त्याहून जास्त आले की पिणं धोक्याचं मानतात. वीस किंवा त्याहून जास्त आले की दारूवर अवलंबून असल्याची शंका घ्यायची आणि थेट डॉक्टर गाठायचा. माझे आठच्या वर निघाले. मला वाटलं होतं, चार-पाच येतील.

खरी गोची मोजण्यात होते. आपण ग्लास मोजतो, अल्कोहोल मोजत नाही. तीस मिलिलिटर व्हिस्की किंवा फेणीत साधारण दहा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. साडेसहाशे मिलिलिटरच्या साध्या बिअरच्या बाटलीत पंचविसेक ग्रॅम, आणि तीच बिअर आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर चाळीस. म्हणजे स्ट्राँग घेऊन "मी फक्त एक बिअर घेतो" म्हणणारा चार पेग मारून उठलेला असतो. आणि आपलं हुर्राक! मार्च ते मे, काजूच्या मोसमात, लिम्का, मीठ, चिरलेली मिरची घालून ते सरबतासारखं प्यायलं जातं. पहिल्या धारेचं, म्हणून सौम्य. फेणी बेचाळीस टक्क्यांच्या आसपास आणि हुर्राक पंधरा, हे खरं, पण मोठा ग्लास भरून घेतलं तर हिशेब तिथल्या तिथेच येतो. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पुढे सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. मला त्याचा अभिमान आहे. यकृताला मात्र वारसा कळत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात पंधरा वर्षांवरचे 36.9 टक्के पुरुष दारू पितात असं आढळलं. देशाचा आकडा 18.8 होता.

या मधल्या गटासाठी, म्हणजे जे अवलंबून नाहीत पण मर्यादेतही नाहीत, गोव्यातच एक मोठं काम झालं आहे आणि त्याची आपल्याला फारशी खबर नाही. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या 'संगाथ' या संस्थेने गोव्याच्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. डॉ. अभिजित नाडकर्णी त्यात प्रमुख होते. ऑडिटमध्ये बारा ते एकोणीस गुण पडलेले 377 पुरुष निवडले. निम्म्यांना नेहमीचा सल्ला, निम्म्यांना त्याशिवाय जास्तीत जास्त चार बैठकांचं समुपदेशन. ते देणारी माणसं डॉक्टर नव्हती, मानसशास्त्राची पदवीधरही नव्हती. प्रशिक्षण दिलेली इथलीच साधी माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 42 टक्के पुरुषांनी मागच्या चौदा दिवसांत दारूला स्पर्श केला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण 18 टक्के होतं. निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्या बैठकांत जादू काही नव्हती. आपण कधी, कुणाबरोबर, कुठल्या मनःस्थितीत पितो याची वही ठेवायची, नाही म्हणायचा सराव करायचा, तलफ आली की ती ओसरेपर्यंत काय करायचं ते आधी ठरवायचं.

वहीने मला एक गोष्ट दाखवली. माझी तलफ दारूची कमी आणि सात वाजताची जास्त होती. साडेसहाला आंघोळ, सातला खुर्ची, खुर्चीजवळ ग्लास. खुर्ची हलवली. त्या वेळेला शापोरा नदीच्या काठाने चालायला जाऊ लागलो, पाऊस असला तर छत्री घेऊन. परत आल्यावर कोकमाचं तिवळ, भरपूर जिरं घालून. हातात काहीतरी थंड ग्लास लागतोच, तो का नाकारायचा? तलफ भुकेल्या पोटी दुप्पट होते, म्हणून संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा नाचणीची तिजण. गोड खावंसं फार वाटतं पहिल्या आठवड्यात. खा थोडं, पण दारूच्या उष्मांकांची जागा पेढ्यांनी भरू नका.

झोपेबद्दल कुणी आधी सांगत नाही, आणि लोक बरेचदा तिथेच माघार घेतात. दारू लवकर झोपवते, पण उत्तररात्रीची झोप मोडते आणि स्वप्नांची झोप दडपते. बंद केल्यावर पहिले काही दिवस झोप उलट बिघडते, स्वप्नं विचित्र आणि लख्ख पडतात. "बघ, मला दारूशिवाय झोप लागत नाही" हा निष्कर्ष काढायची ही वेळ नव्हे. दुसऱ्या आठवड्यात माझी घडी बसली.

शरीरात काय बदलतं, याचा लंडनमधल्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. बऱ्यापैकी पिणाऱ्या 94 जणांनी महिनाभर दारू थांबवली. त्यांचा इन्सुलिनला होणारा अवरोध सुमारे एक चतुर्थांशाने घटला, रक्तदाब सहा-साडेसहा टक्क्यांनी आणि वजन दीड टक्क्याने उतरलं. वजनाच्या आशेने सुरू करणाऱ्यांनी हा दीड टक्का नीट वाचावा. साधी फॅटी लिव्हर असेल तर चरबी काही आठवड्यांत ओसरू लागते, रक्तातला गामा-जीटी हा घटकही त्याच सुमारास खाली येतो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्तचाचणी, करून घेणं बरं. आकडा खाली आलेला बघितला की समजतं, तो वर का होता. सिरोसिस झालेलं यकृत मात्र महिन्याने पूर्ववत होत नाही. ज्यांना सिरोसिस आहे त्यांच्यासाठी दारूबंदी कायमची. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला आधी कळवा. दारू थांबल्यावर साखर आणि दाब उतरून तीच मात्रा जास्त होऊ शकते.

यकृत 'साफ' करायला काही घ्यावं का, हे मला फार जण विचारतात. नको. यकृताला त्याचं काम येतं, फक्त त्यावर ओझं टाकणं थांबवा. आसवं-अरिष्टं औषध असली तरी त्यांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, हे बाटलीवरच लिहिलेलं असतं. कोविडच्या काळात घरोघर अमृतवेलीचा, म्हणजे गुळवेलीचा, काढा उकळत होता. मुंबईच्या डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो संबंध नाकारला. वाद कुणी का जिंकेना, यकृताला विसावा द्यायच्या महिन्यात त्याच्यावर नवा प्रयोग कशाला? अंगदुखीला पॅरासिटामॉलही विचारून घ्या. बरीच पिणाऱ्याच्या यकृताला नेहमीची मात्राही जड जाऊ शकते.

श्रावणाचा एक फायदा जानेवारीला नाही. इथे सबब सांगावी लागत नाही. "श्रावण आहे" म्हटलं की ओतणारा हात आपोआप मागे जातो. एरवी आजारी आहेस का, बायकोने दम दिला का, सगळी चौकशी होते. पण तोच त्याचा दोषही. व्रत तारखेला संपतं, आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उरकली की वसुली सुरू होते. महिनाभरात सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीचे तीन पेग आता पाचासारखे चढतात. तसेच स्कूटरवर बसतात लोक. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम आहे, आणि पेडण्याच्या रस्त्यांना मोपा विमानतळ झाल्यापासून ट्रक-टॅक्सींचा तोटा नाही. ससेक्स विद्यापीठाच्या पाहणीत कोरडा जानेवारी पाळलेले लोक ऑगस्टमध्येही आठवड्याला 4.3 ऐवजी 3.3 दिवस पीत होते. म्हणजे फरक टिकू शकतो, पण एका दिवसाचाच. तो टिकवायचा तर पहिला ग्लास भरण्याआधी आकडा ठरवा. मी कालनिर्णयावर कोरड्या वारांना फुली मारून ठेवतो, आणि वहिनीच्या चहाच्या वेळी ती फुली सगळ्यांना दिसते. ठरवलेला आकडा सारखा मोडत असेल तर पुढच्या श्रावणाची वाट बघू नका. टेलिमानस 14416 आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446, दोन्हींना पैसे पडत नाहीत.

घरच्यांसाठी एक सांगायचं आहे, कारण वहिनीलाही हा सल्ला एका नातलगाने दिला होता: पिणाऱ्याच्या नकळत जेवणात मिसळायची पूड. वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यात अशा जाहिराती येतात. त्या पुडीत काय आहे ते कुणाला ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं औषध असेल, तर त्यावर दारू पडताच चेहरा लाल होणं, उलट्या, रक्तदाब कोसळणं, आणि कमकुवत हृदयाच्या माणसाचा मृत्यूसुद्धा होऊ शकतो. तेच औषध डॉक्टर उघडपणे देतात, यकृत आणि हृदय तपासून, माणसाची संमती घेऊन. भाईला ते दिलं आहे. गोळी वहिनी काढून देते, तो तिच्यासमोर घेतो, आणि ती कशाची आहे ते दोघांनाही माहीत असतं.